नखांपायी गेलेला कुत्रा

अर्जदार: मी स्वतः, नागपूरच्या कचेरीच्या फाटकापाशी टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिणारा. गैरअर्जदार: माझ्या पत्नीचे थोरले बंधू, राहणार कन्हान, कोळशाच्या खाणीत हजेरी-कारकून. साक्षीदार: पत्नी, परंतु ती फितूर आहे. घटनेचा काळ: सत्तर सालानंतरचा एक हिवाळा, वार बहुतेक रविवार. नात्यात बदनामी नको म्हणून नावे लिहिलेली नाहीत. वादाचा विषय: एक तांबडा गावठी कुत्रा.

सदर कुत्रा पिल्लू असताना मीच कोटात गुंडाळून घरी आणला. त्याच्या भाकरीवर दूधही मीच ओतत असे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नखे चालून झिजतात. हा अंगणात बांधलेला, त्यामुळे याची वाढली. फरशीवर टकटक वाजत. पुढच्या पायाचे वरचे, जमिनीला न टेकणारे नख तर वळून कातडीत रुतू लागले. ते कापणे मालकाचे काम, म्हणून मी पुढे झालो.

निरक्षर पक्षकारांचे अंगठे मी रोज धरतो. मनगट आवळायचे, शाईवर दाबायचे, कागदावर टेकवायचे. ढिले धरले तर ठसा फिसकटतो. त्याच रीतीने मी पंजा धरला आणि चारही पाय एका बैठकीत उरकायचे ठरवले. त्याने हिसका दिला. कात्री नखाच्या आतल्या जिवंत भागाला लागून रक्त आले. पत्नीने हळद दाबून धरली. तेव्हापासून माझ्या हातात नुसता चष्मा चमकला तरी तो न्हाणीमागे जाऊन बसे.

मग कन्हानहून मेहुणे आले. पहिल्या रविवारी त्यांनी काही कापलेच नाही. नुसता पंजा कुरवाळला, बोटे हलकेच दाबली, भाकरीचा तुकडा दिला. पुढल्या रविवारी आंघोळीनंतर, नखे मऊ असताना, टोकाची बारीक चकती काढली. काळ्या नखात आतला भाग दिसत नाही; म्हणून ते थोडे थोडे कापत, आणि कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका उमटला की थांबत. एक पंजा झाला की उठत. मी वर्तमानपत्राआडून पाहत होतो. कुत्रा डोळे मिटून त्यांच्या मांडीवर पडला होता. माझ्याजवळ तो तसा कधीही पडला नव्हता.

मेहुण्यांनी माझ्याकडे न पाहताच म्हटले, "जवाईबुवा, तुम्ही त्याचा पंजा नाही धरत, अंगठा घेऊन राहिले."

पत्नी तोंडाला पदर लावून हसली. ते हसू मला आजही सलते.

पुढे महिनाअखेरीपासून खाणीत त्यांची रविवारची सुट्टी जाणार असे ठरले. येणे जमणार नाही, नख पुन्हा रुतेल, तेव्हा कुत्रा कन्हानलाच नेतो, असे त्यांनी सुचवले. मी आठवड्याची मुदत मागितली. रोज पंजा कुरवाळला, भाकरी दिली. भाकरी तो खाई आणि पंजा सोडवून घेई. अखेर रविवारी त्याने पंजा माझ्या हातात राहू दिला, आणि मला वाटले, जिंकलो. मी कात्री उघडली. त्याने हिसका दिला नाही. सर्वांगाने थरथरू लागला.

"अवो, जाऊ द्या ना त्याले," पत्नी म्हणाली. "भिऊन राहिला तो तुम्हाले."

मी कात्री खाली ठेवली. दुपारी मेहुणे ओळखीच्या ट्रकने आले. साखळी ओढावी लागली नाही. कुत्रा स्वतःच उडी मारून चढला.

कन्हानला गेलो की तो माझ्याभोवती नाचतो, हात चाटतो. "पाहा, ओळखते तुम्हाले," असे मेहुणे वर औदार्याने सांगतात, आणि तेवढ्यात तो जाऊन त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवतो. अशा वेळी मला चहा गोड लागत नाही.

सबब, वाचकांस नम्र विनंती की, कुत्रा भाकरी देणाऱ्याचा की ज्याच्या हाती तो निर्धास्त पंजा देतो त्याचा, याचा निवाडा करून लेखी कळवावे. मात्र निकाल गैरअर्जदाराच्या बाजूने लागल्यास त्याची प्रत कन्हानला पाठवू नये.