मालक गुजरातला हायत

टँकरवाल्यानं सांगितलं म्हणून कळलं, नायतर मला कुठं कळणार होतं. पाण्याचा पाइप आमच्या टाकीत सोडून तो गाडीच्या सावलीला उकिडवा बसला, आन् बसल्या बसल्या म्हणला, "ताई, तुमच्या टायरला फुगा आलाय."

मला वाटलं लेकराचा फुगा गाडीखाली गेला असंल. मी म्हणलं, "मंग फोडून टाका."

तो लई हसला. "मी कशाला फोडू? त्यो आपला आपण फुटंल की. रस्त्यात."

मंग मी वाकून बघितलं. पुढच्या टायरच्या अंगाला गाठ आली होती, लेकरानं गालात लिमलेटची गोळी धरावी तशी. मी परत तिकडं बघितलंच नाय. कारण ती गाठ मीच आणली होती. चार दिवस आधी गाडी वळवताना चाक नालीच्या दगडावर घातलं होतं, आवाज बी आला होता, पण उतरून बघायची हिंमत झाली नाय.

आता तुम्ही म्हणाल, एवढं भ्यायचं काय त्यात, टायर तर टायर. तर मला सांगावं लागंल आधीचं.

आमचं घर पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला, नव्या कॉलनीत. एका रांगेत अठरा घरं, त्यातल्या चारच घरात माणसं, बाकीची लोकांनी घेऊन नुसती कुलपं लावून ठेवली. मालक गुजरातला कंपनीत. सासरची मंडळी गावाकडं. माझी माय सिल्लोडच्या पल्याड, तिला गुडघ्यानं उठवत नाय. घरात मी आन् माझी अडीच वर्षाची पोरगी. दिवसभर टीव्ही चालू ठेवायचे, बघायचे नाय, नुसतं कोणीतरी बोलत राहावं म्हणून.

पोरीला ताप आला की झटका येतो. पहिल्यांदा आला तेव्हा ती दुपारची खिचडी खात होती. डोळे पांढरे, हातपाय ताठ, ओठ निळे. मी रस्त्यावर पळाले तिला घेऊन. शेजारची बाई आली, तिनं चप्पल हुंगवली, कांदा हुंगवला. रिक्षा एक नाय. गाडी दारात उभी, चावी खुंटीला, आन् मला चालवता येत नव्हती. झटका आपला आपण थांबला, पण ती गाडी दारात उभी होती ना, ते मला विसरता येईना. डॉक्टर म्हणले, मोठी झाली की जाईल हे, भिऊ नका, कुशीवर करायचं, तोंडात काय घालायचं नाय, घड्याळ बघायचं, पाच मिनिटाच्या वर गेलं तर ताबडतोब घेऊन यायचं. ताबडतोब म्हणले. मंग मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. आठवी शिकलेली मी, परीक्षेतल्या ट्रॅफिकच्या पाट्या पोरीची चित्रं असल्यावानी भिंतीला लावून पाठ केल्या. लायसन निघालं. तरी गाडी बाहेर काढायची म्हणलं की चावी परत खुंटीला लावायचे.

म्हणून फुग्याचं भ्या. रस्त्यात टायर फुटला, आन् पोरगी मागं झटक्यात असली, तर?

मालकाला फोन लावला. त्यांचा मोबाइल पाळीला आत नेऊ देत नाय, जेवणाच्या सुट्टीत लागतो.

"जेवली का?" ते दर वेळेला हेच आधी विचारतात.

"जेवले. अहो, टायरला फुगा आलाय."

"कशानं?"

"चाकाला काहीतरी लागलं."

"नालीवर घातली ना? मला माहितीच होतं. थांब आता, दिवाळीला आल्यावर मी बदलतो."

"दिवाळीला तीन महिने हायत. आन् मधी ताप आला तर?"

मंग म्हणले, "बरं, छावणीत दुकान हाय, तिथं जा. जाड नक्षीचे घे, जंगली म्हण, ते समजतात. माझ्या दोस्ताच्या गाडीला हायत, असली भारी दिसती गाडी!" आन् कंपनीचा भोंगा वाजला त्यांच्याकडं.

आमची गाडी जीपसारखी उंच दिसती, पण आतून कारच हाय. जमीन रस्त्यात गेली त्याच्या पैशाची घेतली. पोरगी पोटात होती तेव्हा. त्यांना ती गाडी जीपच वाटायची, खिडकीतून कोपर बाहेर काढून चालवायचे. मंग गुजरातला गेले, आन् गाडी सहा महिने एकाच जागी उन्हात.

दुसऱ्या दिवशी मी दहाच्या स्पीडनं छावणीत गेले. मागून लोकं हॉर्न वाजवू वाजवू थकले. पोरगी मागच्या सीटला बांधलेली, तिला म्हणत होते, "झोपू नको गं, बोल माझ्याशी," आन् ती झोपली.

दुकान म्हणजे टायरचे ढीग, आन् मधी खुर्चीत एक म्हातारे चाचा, मेंदी लावलेली दाढी. मला गाडीतून उतरताना बघून त्यांनी गाडीच्या दुसऱ्या दाराकडं बघितलं. कोणी उतरलं नाय.

"मालक कुठंत?" त्यांनी विचारलं.

"गुजरातला हायत."

"हौ? गाडी इथं, मालक गुजरातला." ते उठले, गाडीभोवती फिरले, फुगा अंगठ्यानं दाबला. "ये तो गया समझो." मंग बाकीची तीन चाकं बघायला लागले. बारीक बारीक चिरा होत्या, उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा. "बेटा, गाडी चालत नाय का तुमची?"

"चालती. थोडी थोडी. आधी सहा महिने उभीच होती."

"मंग? चालून नाय खराब झाले हे टायर. उभं राहून झाले. एका जागी, धूप में. रबर हाय ते, त्याला बी चालायला लागतं." त्यांनी टायरच्या अंगावरचे चार आकडे दाखवले, कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते त्याच्यावर लिहिलेलं असतं म्हणले. "बघा, तुमच्या लेकरापेक्षा मोठे हायत. चारी बदला. मालक काय म्हणले, कुठले टाकायचे?"

"जंगली."

चाचांनी मागं बघितलं, झोपलेल्या पोरीकडं. "जंगल में रहते क्या तुम लोग?"

"नाय. पडेगावच्या पुढं."

"तो एकच हुआ!" म्हणून हसले. मला बी हसू आलं, लई दिवसांनी कोणी समोर उभं राहून हसवलं होतं.

तेवढ्यात दुकानातून एक उंच गाडी निघाली, तसलेच जाड नक्षीचे टायर घातलेली, आन् रस्त्याला लागून जोरात गेली तशी घूं घूं घूं करत गेली, पीठगिरणी चालू केल्यावानी.

"ऐकलं?" चाचा म्हणले. "ते जंगली. चिखलाला चांगले, डोंगराला चांगले. पण डांबरी रस्त्याला असा आवाज. दुसरे हे बघा, साधे. दिसायला काय नाय यांच्यात. आवाज नाय करत, आन् ओल्या रस्त्याला ब्रेक धरतात."

मी विचारलं, "याच्यात मागच्या सीटवरचं ऐकू येईल?"

"काय ऐकू येईल? गाणं?"

"लेकराचा श्वास."

चाचांनी हातातला टायर खाली ठेवला. मी सांगितलं मंग, झटका यायच्या आधी तिचा श्वास बदलतो, खरखर लागते, मी गाडी चालवताना मागं बघू शकत नाय, मला नुसतं ऐकता येतं. मी एका दमात सांगून टाकलं, कोणाला सांगितलं नव्हतं ते. गुजरातवाल्यांना बी नाय.

"साधे घ्या," चाचा म्हणले. "पण मालक जंगली म्हणले ना. बाद में झगडा नक्को. मालकाला फोन लावा."

लावला. लागला नाय. पाळी चालू असणार.

"बरं, तवर वॉरंटीचं कार्ड लिहितो. मालकाचं नाव सांगा."

आता नाव कसं घ्यायचं? आमच्यात घेत नाय. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मी खाली बघत उभी. चाचांना कळलं, ते म्हणले, "रहने दो, गाडीचं आरसी द्या, त्याच्यावर असतं."

गाडीच्या खणातली पिशवी आणून दिली. तीन वर्षांत मी ती उघडली नव्हती. चाचांनी चष्मा चढवला, कार्ड डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, माझ्याकडं बघितलं.

"बेटा, तुमचं नाव काय?"

मी सांगितलं.

"मंग मालक गुजरातला कशाला शोधायलाय? मालक तर इथंच उभा हाय."

मला वाटलं मस्करी करतात. त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. इंग्रजी मी एकेक अक्षर लावून वाचते, पण माझं नाव ओळखते, आधार कार्डावर तसंच हाय. माझं नाव होतं. खाली 'वाइफ ऑफ' करून त्यांचं.

मला मंग शोरूम आठवलं. थंडगार एसी, मला सातवा महिना, कोणीतरी लिंबू सरबत दिलेलं, आन् हे म्हणत होते, इथं सही कर, इथं, इथं, आता इथं. मी करत गेले. कशाच्या ते विचारलं नाय. मला वाटलं, घरातलं माणूस म्हणून सगळ्यांच्याच घेतात.

काय वाटलं ते सांगता येत नाय. आधी गरम झालं अंग. मंग वाटलं, यांनी मला न सांगता माझ्या नावावर केली, म्हणजे मनात होतं यांच्या काहीतरी. तीन वर्षं मी गाडीला हात लावताना भ्यायचे, ओरखडा पडला तर मालक काय म्हणतील म्हणून.

"मंग मालक, काय टाकू?" चाचा विचारत होते.

"साधे," म्हणलं. "चारी."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. जेवली का. जेवले. मी म्हणलं, "साधे घातले." ते चिडले नाय, "बरं," म्हणले, थकलेले वाटले. मंग मी हळूच विचारलं, "अहो, गाडी माझ्या नावावर कामून केली?"

"तुला आज कळलं?" हसले. "अगं, भावांनी वाटा मागितला असता. जमिनीच्या पैशातली गाडी ना. तुझ्या नावावर असली म्हणजे बोलायला जागा नाय कोणाला."

"आस्सं," म्हणलं.

"का गं?"

"काय नाय. ठेवा, पोरगी उठली."

पोरगी उठली नव्हती. मी फोन ठेवून भिंतीवरच्या ट्रॅफिकच्या पाट्यांकडं बघत बसले. राग नव्हता आला. बरोबरच होतं त्यांचं, भाऊ मागतातच. नुसतं एवढंच की दुपारी छावणीतून घरी येईस्तोवर मी मनातल्या मनात त्यांच्याशी लई बोलले होते, आन् ते सगळं बोललेलं आता कुठं ठेवावं ते कळंना.

पंधरा दिवसांनी पोरीला ताप आला. भर दुपारी. औषध दिलं, कपाळ पुसलं, तरी चढतच होता. मी थांबले नाय. तिला मागं बांधलं, गाडी काढली. काचा वर केल्या, पंखा बंद केला, घामानं भिजले, पण मला ऐकायचं होतं. आन् ऐकू येत होतं. तिचं नाक चोंदलेलं, तिच्या हातातलं प्लास्टिकचं बदक सीटवर आपटत होतं, सगळं. गाडीत दुसरा आवाजच नव्हता. इतकं गप्प गप्प होतं की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला, तो तिच्यात मिसळायला लागला, म्हणून मी मधी मधी माझा धरून ठेवायचे.

छावणीच्या अलीकडं बदकाचा आवाज थांबला. मंग खरखर.

मी गाडी कडेला घेतली. घाबरले नाय असं नाय, पण हातानं सगळं केलं. मागं गेले, पट्टा सोडला, कुशीवर केलं, घड्याळ बघितलं. एक मिनिट. तिचं अंग उडतंय, आन् मी नुसती हात ठेवून बसलीय, तोंडात काय घालायचं नाय, धरून दाबायचं नाय. दोन मिनिटं. मला कोणालातरी हाक मारायची होती, पण कोणाला मारू, नावच येईना तोंडात. तिसऱ्या मिनिटाला अंग सैल पडलं. मंग ती रडली. रडली म्हणजे आली परत.

मी बी रडत होते, दार उघडं, एक पाय रस्त्यावर. दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला थांबला, माझ्या वडलाच्या वयाचा.

"काय झालं बाई? गाडी बंद पडली का?"

"नाय हो," म्हणलं, "गाडी चांगली हाय."

त्यानं वाकून आत लेकरू बघितलं. "सोबत कोण नाय का?"

मी 'नाय' म्हणून मान हलवली, दवाखान्याचं नाव सांगितलं. त्यानं मोटारसायकलला किक मारली. "चला," म्हणला, "दवाखान्यापर्यंत मी पुढं चालतो."

आन् तो पुढं चालला, हळूहळू, दर चौकात हात वर करून लोकांना थांबवत, मागं वळून वळून बघत. मी त्याच्या कॅनाकडं बघत चालवत राहिले, मागून पोरीचं हुंदके देणं ऐकत. दवाखान्याच्या फाटकात गाडी लावून आभार मानायला वळले तर तो निघून गेला होता. मंग मी पोरीला खांद्यावर घेतलं आन् आत गेले.