घरपोच नको

रेशनची गाडी आमच्या गल्लीत पहिल्यांदा आली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं ते वाचून कुणी मला कृतघ्न म्हणू नये, एवढ्यासाठीच.

म्हाताऱ्यांना आणि अपंगांना रेशन घरपोच, अशी योजना इकडे निघाली. मी दोन्हींत बसते. सत्तरी उलटली आहे आणि उजवा पाय लहानपणीच पोलिओनं नेला. लग्न होऊन साताऱ्याकडून इकडे आले, चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावात, कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत पायाला कॅलिपर लावून, वर्गात उभी राहून मुलांना गणित शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही चेन्नईच्या कडेला एका उपनगरात छोटंसं घर बांधलं. मग हे गेले. नंतर मी न्हाणीघरात पडले, चांगल्या पायाच्या खुब्याचं हाड मोडलं आणि चाकाची खुर्ची घरात आली. आता मी, खुर्ची आणि सकाळ-संध्याकाळ येणारी एक कामवाली बाई, असा आमचा संसार आहे.

सरकारनं माझ्यासाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन एक मुलगी दर महिन्याला घरी येते, दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघते. निवडणुकीत मतपेटीसुद्धा घरी आली, बरोबर अधिकारी, पोलीस आणि कॅमेरा. माझ्या पलंगाशेजारी पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून मी गुप्त मतदान केलं. शाई लावलेलं बोट मग दिवसभर कुणाला दाखवायचं, हा प्रश्न पडला. कामवालीला दाखवलं. ती म्हणाली, "अम्मा, मी उन्हात उभी राहून लावून आले," आणि भांडी घासायला गेली.

तिचं बोलणं तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. गटार खणल्यावर कळलं.

त्याआधी रेशनच्या दुकानाबद्दल सांगायला हवं. आमचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे आहे. तिथे रांगेत माणसं कमी आणि पिशव्या जास्त असतात. पिशवी ठेवायची, वर एक दगड ठेवायचा आणि बायका सावलीत जाऊन बसायच्या. मग कुणीतरी पिशवी पुढे सरकवायचं आणि भांडण पेटायचं. मी खुर्चीवर जायला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात एका बाईनं आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, तुम्ही तर बसलेल्याच आहात, बघा जरा. दुसरीनं तेच केलं. दोन-तीन महिन्यांत रांग माझ्या हातात आली. कोण कुणाच्या मागे, हे मी सांगायचं आणि ते शेवटचं. अंगठ्याचं मशीन बंद पडलं तर आतल्या बाईला आवाज मी द्यायचा. नव्या माणसानं मध्ये घुसायचा प्रयत्न केला की सगळ्या बायका माझ्याकडे बघायच्या. गणिताची बाई म्हणून तीस वर्षं वर्ग सांभाळला, पण असा शिस्तीचा वर्ग मला कधी मिळाला नव्हता. महिन्यातून तो एक दिवस मी कुणाची पेशंट नसायचे.

तर उन्हाळ्यात पालिकेनं पावसाच्या पाण्यासाठी गटारं बांधायला घेतली. पालिका कोणती ते सांगत नाही, सगळ्या सारख्याच. फाटकाबाहेर माझ्या खुर्चीसाठी सिमेंटचा उतार केलेला होता, तो त्यांच्या मशीननं एका सकाळी उचलून ट्रकमध्ये टाकला. पंधरा दिवसांत परत करून देतो, असं इंजिनिअर म्हणाला. पोरसवदा होता, बोलायला गोड. मग फाटकासमोर खड्डा, खड्ड्यात सळया, सळयांवर काँक्रीट, आणि शेवटी जे गटार तयार झालं ते माझ्या फाटकापेक्षा वीतभर उंच. त्याच्या पलीकडे रस्ता गुडघाभर खाली. धडधाकट माणसं एक पाय वर, एक पाय खाली करून जात. मी फाटकाच्या आत. नाचता येईना अंगण वाकडे, अशी म्हण आहे आपल्याकडे. माझ्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडं करून ठेवलं होतं.

मी तक्रार केली. फोनवर केली, मग पुन्हा केली. त्याच सुमारास रेशनची गाडी आली आणि मी टाळ्या वाजवल्या. दुकानातली ओळखीची बाई स्वतः मशीन घेऊन गटार ओलांडून आली, मी फाटकातून हात बाहेर काढून मशीनवर अंगठा टेकवला, तांदूळ, साखर, डाळ, तेल सगळं ओसरीवर. इतकी वर्षं अपंगांसाठी काही व्हावं म्हणून मी कुरकुर केली, आणि झालं तेव्हा आनंद होणार नाही का? झाला. पुढच्या महिन्यातही झाला, पण थोडा कमी. मी त्या बाईला विचारलं, रांग कोण बघतं आता? ती म्हणाली, कोण बघणार, रोज भांडणं. हे ऐकून मला बरं वाटलं, आणि मग रात्रीचं जेवण गेलं नाही.

मग इंजिनिअर एकदा गल्लीत दिसला. मी फाटकातून हाक मारली. उताराचं काय झालं? तो म्हणाला, अम्मा, तुमची तक्रार बंद झाली. बंद कशी झाली? त्यानं फोन काढून बघितलं आणि अगदी सहज, मला समजावून सांगावं तसं सांगितलं, "साहेबांनी चौकशी केली. तुमचा तांदूळ घरी येतो, गोळ्या घरी येतात, मतदान घरी होतं. मग उतार नसला तरी तुमची गैरसोय काही नाही, असं लिहिलंय." आणि वर काळजीनं विचारलं, "तुम्हाला बाहेर कुठं जायचं असतं, अम्मा?"

राग मला लवकर येतो, हे माझे सगळे विद्यार्थी सांगतील. पण त्या वेळी आला तो राग नव्हता, मला भीती वाटली. घरी आणून दिलेली एकेक वस्तू मी हात जोडून घेतली होती, आणि प्रत्येक वस्तूबरोबर दार थोडं थोडं लोटलं गेलं होतं. या माणसांनी ठरवलं होतं की मला पोटापाण्याचं मिळालं म्हणजे मी बाहेर पडायचं कारण उरलं नाही. कुठं जायचं असतं? तुला कुठं जायचं असतं रे, संध्याकाळी मोटरसायकलवर बसून? तुला कुणी विचारतं का?

हे सगळं मनातल्या मनात. मी खुर्ची वळवून घरात गेले.

पुढच्या महिन्यात गाडी आली तेव्हा मी अंगठा दिला नाही. भीक नको पण कुत्रा आवर, असं मला त्या बाईला सांगायचं होतं, पण त्याचं तमिळ मला करता आलं नाही. मी म्हटलं, माझा तांदूळ दुकानातच राहू दे, मी येऊन घेईन. ती हबकली. "कशाला अम्मा? माझी काही चूक झाली का?" तिची काही चूक नव्हती. "नियमात आहे ना, दुकानात येऊन घेता येतं म्हणून?" मी विचारलं. आहे, म्हणाली. "मग ठेव." ती पोतं उचलून परत गेली, आणि गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

तिसरी खिडकी अक्कांची. अक्का शेजारी राहतात, पंच्याऐंशीच्या घरात आहेत, तंजावरच्या मराठी कुटुंबातल्या. त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा दोनशे वर्षांनी मोठी आहे आणि निम्मी तमिळ आहे. त्यांची नातवंडं त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात, म्हणून अक्का माझ्याशी मराठी बोलायला मिळावं यासाठी कुंपणाच्या भिंतीशी स्टूल टाकून बसतात. गटार झाल्यापासून त्याही आतच होत्या. गुडघे वाकत नाहीत त्यांचे.

"काय गे, आलेला तांदूळ परत धाडलीस?" त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. त्यांना पटलं नाही. "मज तर तो तांदूळ पाहिजेच. मी दुकानांत उभी राहणार काय अत्ता? तूं नको म्हणतीस, उद्यां ते माझाही बंद करतील. चुम्मा कसाला भांडतीस?"

तमिळमध्ये चुम्मा म्हणजे उगीच. हा शब्द मला लागला. आणि त्यांचं खोटं नव्हतं, याचाही त्रास झाला. अक्कांना घरपोच तांदूळ हवाच होता, तो त्यांचा हक्क होता. माझं म्हणणं एवढंच होतं की तांदूळ घरी आला म्हणून माझा रस्ता काढून घेऊ नका.

"अक्का, तुमचा बंद केला तर मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसेन," मी म्हटलं.

"कशी जाशील?" अक्कांनी विचारलं.

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि मलाही कळत नव्हतं.  अक्का स्टूल उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी कामवाली आली ती डोक्यावर फळी घेऊन. मागे अक्कांचा नातू, त्याच्याही डोक्यावर फळी. दोघांनी चार-पाच खेपा केल्या. सागाच्या जाड, लांब, तेलकट काळ्या फळ्या. मी लगेच ओळखल्या. नवरात्रात इकडे घरोघर कोलू मांडतात, फळ्यांच्या पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या बसवतात. देव वरच्या पायऱ्यांवर, वाणी आणि त्याची बायको खाली. अक्कांच्या कोलूच्या फळ्या त्यांच्या सासऱ्यांनी तंजावरहून आणलेल्या. वर्षभर माळ्यावर जुन्या लुगड्यांत गुंडाळलेल्या असतात. त्यांवर कुणाचा पाय लागू नये म्हणून अक्का सुनेवर ओरडलेल्या मी ऐकल्या आहेत.

कामवालीनं आतल्या बाजूला आखूड फळ्या टाकल्या, बाहेर लांब, खाली विटा रचल्या, आडव्या पट्ट्या घालून काथ्यानं घट्ट बांधलं. अक्का खिडकीतून बघत होत्या. "चाकं धुतलीस काय?" त्यांनी तिला विचारलं. तिनं चाकं धुतली. मग तिनं मला मागून धरून गटारावर चढवलं, आणि पलीकडे उलटं फिरवून हळूहळू खाली रस्त्यावर सोडलं. फळ्या करकरल्या, पण वाकल्या नाहीत. रस्त्यावर पोचले तेव्हा मला रडू आलं. लाज कसली, आलं ते आलं.

त्या दिवशी मी रेशनच्या दुकानात गेले.  बायकांनी पिशव्या आणून माझ्या मांडीवर ठेवल्या आणि सावलीत जाऊन बसल्या. माझा नंबर आला तेव्हा मी मशीनवर अंगठा असा दाबला की आतली बाई हसली.

आठवड्याभरात इंजिनिअर आला. गटारावर लाकूड ठेवता येत नाही म्हणाला. कुणी अडखळून पडलं तर जबाबदार कोण? मी तेव्हा नेमकी कामवालीबरोबर बाजारातून परत येत होते, गटाराच्या माथ्यावर, खुर्चीत. उंचावरून त्याच्याशी बोलायची मजा आली. "काढा," मी म्हटलं. "पण आधी मला काढावं लागेल." त्यानं इकडेतिकडे बघितलं. गल्लीतल्या खिडक्या आता सगळ्याच उघड्या होत्या. मी त्याला सोपा हिशेब सांगितला: या फळ्या उसन्या आहेत, नवरात्राआधी परत करायच्या आहेत, तोवर सिमेंटचा उतार झाला तर मी स्वतः सोडून देईन. तो म्हणाला, नक्की अम्मा, त्याआधी होईल.

बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. नवरात्राला चार दिवस उरले आणि फाटकाबाहेर सिमेंटचं घमेलंही दिसेना. शब्द मी दिला होता, इंजिनिअरला नाही तर माझ्याच मनाला, अक्कांसाठी. मी कामवालीला काथ्या सोडायला सांगितलं. ती ऐकेना, मीही ऐकेना. तिनं रागारागानं पहिली गाठ सोडली तेवढ्यात अक्का त्यांच्या फाटकाशी आल्या. काठी टेकत, एकट्या.

"काय करतीस? बांध तें."

"अक्का, कोलू कशावर मांडाल?"

"भुईवर. सोवळ्याचं लुगडं पसरून मांडतों." 

"देवांना खाली बसवणार? सगळ्या बाहुल्या एका रांगेत?"

"बसतील की. बाहुल्यांस कोठे जायाचं अहे?" त्यांनी काठीनं माझ्या खुर्चीकडे दाखवलं. "तुज जायाचं अहे. ऑफिसांत जाऊन बसतों म्हणालीस, तें काय चुम्मा म्हणालीस?"

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा केली आणि पालिकेच्या ऑफिसात गेले. तिथे दाराला पायऱ्या आहेत, आणि उतार नाही, हे बघून मला आश्चर्य वाटलं नाही. पायऱ्यांच्या तळाशी, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मध्ये, मी खुर्ची लावली. शिपाई धावत खाली आला. चांगला माणूस होता, वयानं माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याएवढा. माझं म्हणणं त्यानं नीट ऐकून घेतलं, वर जाऊन आला आणि वाकून म्हणाला, "या उन्हात तुम्ही कशाला त्रास घेतलात, अम्मा? साहेब म्हणतात, तुम्ही जा. उत्तर घरी पाठवून देऊ."

मी दोन्ही चाकांचे ब्रेक लावले.

"घरी नको," मी म्हटलं. "मी आलेय ना. इथं द्या."