जुन्या गाडीला मॅगव्हील

दोन वर्षं झाली, बायको माझ्या गाडीवर बसत नव्हती. मारेगावहून वणीला जायचं म्हटलं तरी ती एसटीनं जायची, आणि मी येड्यासारखा बसच्या मागं रिकामी गाडी घेऊन. याच गाडीवर आम्ही माहूर, चिखलदरा, थेट कन्याकुमारीपर्यंत गेलो होतो. लांबच्या प्रवासाचीच गाडी ती, ऐसपैस सीट, मागं पाठ टेकायला गादी. मग करंजीच्या रस्त्यावर मागच्या चाकाची ट्यूब फुटली. दोघंही घासत गेलो. मला खरचटलं, तिच्या खुब्यात रॉड टाकावा लागला.

ट्यूबच नको, असं मी ठरवलं. नव्या मॉडेलची मॅगव्हील, म्हणजे तारा नसलेली ओतीव चाकं, लावली की टायर ट्यूबलेस. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, गाडी फेकत नाही. भंगारात निघालेल्या एका नव्या गाडीची चाकं आणली, डिस्क ब्रेक आणला आणि मिस्त्रीच्या मागं लागलो की दसऱ्याच्या आत झालंच पाहिजे. दसऱ्याला गाडीची पूजा तीच करते, आणि मग आम्ही केळापूरच्या देवीला जातो. यंदा नाही बसली तर ती कधीच बसणार नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं झालं होतं. रात्रीची झोप गेली होती माझी.

पण नवं चाक जुन्या गाडीला सरळ बसतं थोडंच. एक्सल बारीक, चाकाचं भोक मोठं. मधली फट भरायला लेथवरून बुश करून आणले. चाकं एका रेषेत आहेत का बघायला मिस्त्रीनं दोन्हींना लावून दोरी ताणली, तर मागचं चाक साखळीकडे बोटभर सरकलेलं. खोललं, बुश घासले, पुन्हा दोरी. पुन्हा खोललं. तिसऱ्या खेपेला मिस्त्री म्हणाला, "भाऊ, कायले जीव काढून राह्यले? जुनीच चाकं लावू, नवे टायर टाकून देतो." मी त्याच्यावर खेकसलो, आणि मग तिथंच पान्यांच्या पेटीवर बसून रडलो. पन्नाशीचा माणूस, तोंडाला सगळं ग्रीस. त्या बिचाऱ्यानं चहा सांगितला. चौथ्या खेपेला दोरी दोन्ही टायरांना नीट टेकली.

दसऱ्याला तिनं गाडीला कुंकू लावलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. लंगडत लंगडत सगळं केलं. मी लिंबावरून गाडी पुढं घेतली.

"आता टायर फुटाचा विषयच संपला," मी म्हटलं. "बस. देवीले जाऊन येऊ."

ती सीटवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, बसलीच.

"मले चाकाचं भेव नाही," ती म्हणाली.

"मग कायचं?"

"तुमचं. टायर फुटाच्या आधी मी तीनदा म्हटलं, हळू घ्या. तुमाले ऐकू नाही आलं का?"

"वाऱ्यात नाही आलं."

तिनं मान हलवली आणि पूजेचं ताट घेऊन घरात गेली. मला तिन्ही वेळा ऐकू आलं होतं. तिसऱ्या वेळी राग येऊन मी गाडी मुद्दाम आणखी ताणली होती.