माळ्यावरचा पेंढा आणि पाहुण्यांची पगडी

मुंबईच्या गाववाल्यांनो, पत्राला फार उशीर झाला, राग धरू नका. पण आजचा प्रकार ऐकाच.

कौले तापतात म्हणून मी माळ्यावर भाताचा पेंढा पसरला होता. घर गार झाले. आज नातीला पाहायला पाहुणे आले. मुलाचे वडील म्हणाले, "गार आहे हो घर!" तोच फळ्यांच्या फटीतून त्यांच्या पगडीवर पिवळा रस टपकला.

"अगो, हे काय?" मी बायकोला ओरडलो.

"आयता पेंढा दिसला, आंबे पिकत घातले!"

पाहुण्यांनी बोट चाटले, "हापूस वाटतं," म्हणाले आणि उठले. होकार की नकार, काहीच कळेना. नात माझ्याशी बोलत नाही.

पाहुणे उद्याच्या बोटीने तिकडे येतील. त्यांना गाठून विचारा. होकार असेल तर उरलेले आंबे त्यांनाच धाडायचे आहेत. भराभर पिकताहेत हो, लवकर कळवा.