डावीकडची वाट

ते पुस्तक मी वाचलं होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला कितीतरी वर्षं लागली, आणि ज्याला ते सांगायचं होतं तो प्रभाकर आता नाही. गेल्या महिन्यात सकाळी रमणचा फोन आला. रमण मोखाड्याकडचा, जव्हारच्या एसटी डेपोत मेकॅनिक, एरवी थट्टेशिवाय न बोलणारा. "दिल्या, मास्तर गेला रं," एवढंच म्हणाला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःख झालं नाही, भीती वाटली. आता हे कुणाला सांगणार?

प्रभाकर जव्हारला हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. मी तिथंच सरकारी कचेरीत कारकून. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा बोटीवर नोकरी करणाऱ्या मावसभावानं त्याला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि विचित्र आकाराचे फासे आणून दिले. तो एक खेळ होता, पण पट नाही की सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. "आता तुम्ही काय करता?" असं त्यानं विचारलं की ज्याला जे सुचेल ते करायचं आणि फासा पडेल तसं पुढं घडायचं. गोष्ट चालवणाऱ्याला पुस्तकात गेम मास्टर म्हटलं होतं, आम्ही नुसतं मास्तर म्हणायचो. खेळणारे तिघं... मी, रमण आणि प्रभाकरची बायको शैलावहिनी. रविवारी दुपारी त्यांच्या भाड्याच्या खोलीत बसायचो. पावसाळ्यात आमच्याकडं भरदुपारी धुकं दाराशी येऊन उभं राहतं, वीज गेलेली असते, मेणबत्ती लावावी लागते. प्रभाकर साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून समोर आडोसा करायचा. त्यामागं पुस्तक, नकाशे, फासे. आम्हाला दिसायचं ते त्याचं कपाळ आणि डोळे.

पहिला रविवार फसला. पुस्तकात एक आख्खी मोहीम, म्हणजे खेळायला तयार अशी लांबलचक गोष्ट, छापलेली होती. प्रभाकर बिचारा पानंच्या पानं मराठीत करून वाचत होता आणि रमण भिंतीला टेकून घोरत होता. वहिनींनी त्याला कोपरानं ढोसलं तर म्हणतो, "राजाच्या पणज्याचं लगीन लागलं का? लागलं का उठवा मला." प्रभाकर हसला नाही. संध्याकाळी फिरायला निघालो तेव्हा मात्र भडाभडा बोलला. "दिल्या, ज्यानं हे लिहिलंय त्याला ठाऊकच नाही मी तिथं काय करतो ते. राजाच्या पिढ्यान् पिढ्या दिल्यात. पण वेशीवरचा पहारेकरी? रमण त्याला तंबाखू विचारणार, तेव्हा मी काय सांगू? नकाशा देखणा आहे, पण दारामागं काय आहे ते भलत्याच पानावर. शोधेपर्यंत तुम्ही चहा मागता." मग म्हणाला, "लहानपणी मोखाड्याला बोहाडा बघायचो. मुखवट्याचं सोंग येतं, संबळाचा ठेका बदलतो आणि शेंबड्या पोरालाही कळतं, हा कोण, कशासाठी आलाय. पुस्तकानं मला तेवढंच द्यावं. हा कोण, याला आत्ता काय हवंय, हा कशाला घाबरतो. बाकीचं मी बघतो. आणि तुम्ही भलतीकडंच गेलात तर मी काय धरून उभा राहू, तेही सांगावं. लिहिणारा आपल्या घरी असतो रे. पुठ्ठ्यामागं मी एकटा असतो."

अशी एक मोहीम आपण मराठीत लिहायची, आपल्याच डोंगरांतली, आणि ती चालवणाऱ्याला कुठं एकटं सोडायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. आधी ही पुस्तकातली गोष्ट आमच्यावर नीट चालवून बघणार होता. त्यानं ती मोडून पुन्हा बांधली. बर्फाच्या जागी धुकं आलं, परक्या किल्ल्याच्या जागी घाटावरचा पडका गड. गडाच्या पोटात विहीर. गावातलं एकेक माणूस आपल्या पायांनी त्या विहिरीकडं जातं आणि परत येत नाही. पुस्तकात विहिरीबद्दल इतकंच होतं की आतून ओळखीच्या माणसाचा आवाज येतो. कुणाचा, कसा, काही नाही. आम्ही विहिरीपाशी पोचलो त्या रविवारी मी वाकून आत बघतो असं म्हणालो. प्रभाकर आडोशामागं खाली झुकला, कपाळही दिसेना, आणि दमलेल्या बाईच्या आवाजात हळूच म्हणाला, "आलास? किती उशीर केलास रे..."

माझी आई गेली तेव्हा मी वाटेत होतो. प्रभाकरला हे माहीत नव्हतं, मी कधी बोललोच नव्हतो. रमणनं चेष्टेत "ओ द्या की राव" म्हटलं आणि मी मेणबत्तीची वात सारखी करत बसलो. घरी येऊनही तो आवाज कानातून जाईना. पुढचा रविवार नको वाटू लागला, आणि न जाणंही जमेना.

पुढं कचेरीच्या कामासाठी मला नाशिकला जायचं होतं. प्रभाकरनं पुस्तक माझ्या हातात दिलं. "नकाशे तेवढे झेरॉक्स करून आण. बाकी वाचू नकोस हं!" मी हो म्हटलं. मोखाडा मागं पडला तसं एसटीत ते पिशवीतून काढलं. माझं इंग्रजी बेताचं, पण भीतीनं माणूस बरंच वाचू शकतो. तो आवाज कुठं कुठं येणार आहे ते मी सगळं शोधून ठेवलं.

त्यानंतर विहिरीकडं जाणारा उजवीकडचा जिना आला की मी म्हणायचो, "उजवीकडं नको, डावीकडं." मी ठामपणे बोलायचो म्हणून बाकीचेही माझ्यामागं यायचे. "दिल्याचं नाक लई चालतंय," रमण म्हणायचा. आणि डावीकडं पुस्तकात काहीच नव्हतं. लिहिणाऱ्यानं गृहीतच धरलं होतं की सगळे उजवीकडं जाणार. आडोशामागं पानं उलटल्याचा आवाज यायचा, मग थांबायचा, आणि प्रभाकरच्या कपाळावर घाम दिसायचा. तो काहीतरी रचून सांगायचा. दर रविवारी मी त्याला जिथं पुस्तक संपतं तिथं नेऊन उभं करत होतो, आणि ते मला दिसत होतं. शेवटी एका दुपारी त्यानं पुस्तक मिटलं. "राहू दे. तुम्हाला कशाचंच काही वाटत नाही. मला नाही जमत हे." पुन्हा कधी तो खेळ मांडला नाही. मराठीतली मोहीमही लिहिली नाही. रविवारी शिकवण्या घेऊ लागला.

शेवटच्या आजारात तो नाशिकच्या दवाखान्यात होता तेव्हा मी भेटायला गेलो. खूप वाळला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर अचानक म्हणाला, "दिल्या, एक विचारू? माझ्या त्या खेळात तुला कधी भीती वाटली का रे?"

"वाटायची की."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. विहीर आली की तू तर निवांत डावीकडं वळायचास."

तेव्हाच सांगायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण त्याचे डोळे आडोशावरून बघायचे तसेच माझ्याकडं बघत होते... मला वाटलं, आता हा ऐकेल आणि तोंड फिरवेल. गाडी चुकेल म्हणालो आणि निघालो. तिथंही मी डावीकडंच वळलो.

परवा वहिनींकडं गेलो. रमणही आला होता. वहिनींनी कपाटामागून तो पुठ्ठा काढला. कडेला मेणाचे ओघळ तसेच होते. त्यांनी तो मेजावर उभा केला आणि चहा ठेवायला वळल्या. मी नकळत प्रभाकरच्या बाजूला जाऊन बसलो. तिथून पहिल्यांदाच पलीकडं बघितलं. रमण माझ्या तोंडाकडं बघत होता, आता काय, अशा नजरेनं. माझ्याजवळ सांगायला काहीच नव्हतं. प्रभाकर दर रविवारी इथं बसायचा.

चहा आल्यावर मी दोघांना सगळं सांगून टाकलं. रमणनं कप खाली ठेवला. "म्हणजे ते नाक न्हवतं तुझं," म्हणाला आणि खिडकीकडं बघत बसला.

"ते शेवटपर्यंत म्हणायचे, माझ्या गोष्टीत दमच नव्हता," वहिनी म्हणाल्या. "मला काय सांगता भाऊजी? ह्यांना सांगा. आणि त्या बाजूनं नका सांगू, ती ह्यांची जागा आहे. तुमच्या जागेवर या."

मी उठलो, माझ्या जुन्या जागी येऊन बसलो. समोर पुठ्ठा, त्यावर कपाळ नाही, डोळे नाहीत.

"प्रभाकर," मी म्हणालो, "मी पुस्तक वाचलं होतं. तुझ्या विहिरीतून माझी आई बोलली आणि मी इतका घाबरलो की पुन्हा तिथं जायची हिंमत झाली नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. चुकलो मी. मला माफ कर... आता मी उजवीकडं जातो."