गोधडीखालचा फ्रिज

मला फ्रिज हवा होता तो गार सरबतं प्यायला नव्हे. लहानपणापासून मला मधुमेह. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यायचं, आणि त्याची बाटली गार ठेवायची. आमच्या कर्जतच्या घरात ती ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात असायची. एका मे महिन्यात मडक्यानं हात टेकले, औषध बिघडलं आणि मी बेशुद्ध होऊन दवाखान्यात पोचले. शुद्धीवर आले तेव्हाच ठरवलं, शाळेतल्या नोकरीच्या पगारातून पहिला फ्रिज येणार. मग कुणाला आवडो, न आवडो.

दादाला आवडलं नाही. फ्रिज बाहेरच्या खोलीत, चारचौघांच्या नजरेला पडेल असा असता तर त्याची ना नव्हती. पण मला तो माझ्या खोलीत हवा होता, टेबलाशेजारी. बाहेर ठेवला की आल्यागेल्याला बर्फ द्यायला दिवसभर उघडझाप, आणि माझी बाटली ताकाच्या भांड्यामागं शोधत बसायची. दादा म्हणाला, "बघायला येणारे इचारतील ना, पोरीच्या खोलीत फ्रिज कशाला? काय सांगू त्यांना?"

माझा आजार घरानं झाकून ठेवला होता. शेवटी आईनं मध्यस्थी केली. "घे बाई. पण आवाज नाय आला पायजे त्याचा. पाव्हण्यांना कळायला नको."

आवाज! अहो, आमचं घर रुळांना लागून. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोडायची इंजिनं आमच्या परसामागं धडधडायची, फळीवरच्या कपबशा नाचायच्या. त्याचं कुणाला काही नाही. माझ्या फ्रिजनं मात्र तोंड मिटून राहायचं! डोक्यात नुसती तिडीक गेली.

तरी खोपोलीच्या दुकानात जाऊन एकेका फ्रिजला कान लावला. दुकानदार हसून म्हणाला, "ताई, गाणी नाय लागत त्यात." लागू नयेत म्हणूनच ऐकतेय, म्हटलं. कमरेएवढा एक सापडला, कान लावला तरच गुणगुणल्यासारखा. दुकानदारानं बजावलं, "मागं वीतभर जागा सोडा. वारा लागला की गप राहील." टेंपोत मी त्याला धरून घरापर्यंत आले. पंधरवडा त्यानं चकार शब्द काढला नाही.

मग कडावकडचे पाहुणे मला बघायला आले. मी स्वयंपाकघरात साडी सावरत होते, तेवढ्यात आईनं फ्रिजवर जाडजूड गोधडी घातली. माझ्या लग्नासाठीच शिवलेली. चारी बाजूंनी नीट खोचली, वर रेडिओ ठेवला. हेतू हा, की उरलासुरला आवाजही गोधडीत जिरावा आणि बघणाऱ्याला ट्रंक वाटावी.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि माझ्या खोलीतून गुरगुर सुरू झाली. मग खडखड. मुलाची आत्या बोलता बोलता थांबली, "कसला गं आवाज?"

दादा पापणी न लवता म्हणाला, "मालगाडी हाय. घाटावर चाललीय."

आत्यानं खिडकीबाहेर पाहिलं. रूळ मोकळे होते.

मी पडद्याच्या फटीतून आत पाहिलं, तर गोधडी दिसली. वारा कोंडला होता, मोटर तापून कण्हत होती, आणि आत माझं महिन्याचं औषध. डोळ्यांसमोर ते मे महिन्यातलं मडकं आलं. ट्रे तिथंच जमिनीवर ठेवला आणि आत निघाले. "अगं, बस खाली!" आई दबक्या आवाजात म्हणाली. कसली बसतेय! रेडिओ कॉटवर टाकला, गोधडी ओढून काढली, दार उघडून बाटलीला हात लावला. गार होती. देवा, गार होती!

ती हातात घेऊनच मी बाहेर आले. "मालगाडी नाही, माझा फ्रिज आहे. हे माझं औषध. रोज टोचून घेते, जन्मभर घेणार. विचारायचं असेल ते मला विचारा."

आत्यानं बशी खाली ठेवली, "आमी कळवतो," म्हणाली आणि सगळे उठले.

"आमच्या तोंडाला काळं फासलंस," दादा म्हणाला.

"मग औषध सडू द्यायचं होतं? मी पुन्हा दवाखान्यात गेले असते तर तिथंही मालगाडीच सांगितली असतीस?"

तो चप्पल घालून बाहेर गेला. आई गोधडीची घडी घालत राहिली.

आजवर मी इंजेक्शन खोलीचं दार लावून घेत आले होते. त्या दिवशी दिवेलागणीला उकळलेली सिरिंज आणि बाटली घेऊन सरळ पुढच्या ओटीवर बसले. समोर रस्ता, बाजारातून परतणाऱ्या बाया. बघू दे गावाला!

आई धावत आली. दार लावणार, मला आत ओढणार, असंच वाटलं. ती उंबऱ्यात थांबली. मग येऊन माझ्या शेजारी टेकली आणि माझ्या दंडावरची बाही स्वतःच्या हातानं वर धरली.

रस्त्यावरची एक बाई थबकून पाहायला लागली.

"काय बघतेस गं?" आई ओरडली. "माझी पोर औषध घेते हाय."