बडा खान्याची पहिली पंगत

आमच्या आबांची एकच चूक झाली, आणि तीही त्यांच्या पलटणीने शिकवलेली. तेवढ्यासाठी साऱ्या सोसायटीसमोर त्यांना माफी मागायला लावली, हे आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आबा म्हणजे माझे वडील. ते पायदळाच्या पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास आम्ही साताऱ्याकडून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. लढाईबद्दल विचारलं की ते विषय बदलायचे. रंगून बोलायचे ते बडा खान्याबद्दल. पलटणीच्या वाढदिवशी सगळे जवान पंगतीला बसत आणि कर्नलसाहेब स्वतः बादली घेऊन वाढत. शेवटचा जवान हात धुवायला उठेपर्यंत साहेबाने घास घ्यायचा नाही. आबा भरती झाले त्याच्या कितीतरी आधीपासूनची ही रीत. "साहेब मागनं जेवतो," आबा सांगायचे, जणू जगात दुसरी पद्धतच नाही.

एका सव्वीस जानेवारीला गच्चीवर सोसायटीचं जेवण ठरलं. अध्यक्ष म्हणाले, "सुभेदार, तुम्हाला शिस्त आहे, पंगत तुम्हीच सांभाळा." आबांनी आदल्या दिवशीच बूट पॉलिश करून ठेवले. वाशीत आल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

पहिल्या पंगतीला त्यांनी बसवलं जिने झाडणाऱ्या बायकांना, पंपवाल्याला आणि जवळच्याच पावणे गावच्या म्हाताऱ्या वॉचमनला. वॉचमन कानकोंडा होऊन म्हणाला, "आमी मागून बसू सुभेदार, आमचं काय हाय?" आबांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. मग जिलेबीची परात उचलून थेट अध्यक्षांच्या हातात दिली. "साहेब, पहिलं वाढप तुमचं."

मान देत होते हो ते! त्यांच्या लेखी याहून मोठा मान नव्हता.

अध्यक्षांनी परात खाली आदळली. सेक्रेटरी ओरडला, "ओ सुभेदार, आमी काय वेटर वाटलो का तुमाला? आमची बायका-पोरं उभी आणि हे लोक आधी जेवणार?"

हे लोक म्हणे! पाणी चढवायला, जिने धुवायला, गेटवर जागायला हे लोक चालत होते. वॉचमन तर इथलाच, त्याची शेती हे नवं शहर वसवायलाच घेतलेली. तो भरलं पान टाकून उठायला लागला, तसं आबांनी त्याला पुन्हा बसवलं, परात उचलली आणि एकट्याने सगळ्यांना वाढलं. त्या दिवशी ते स्वतः जेवलेच नाहीत.

पुढच्या रविवारी मीटिंग बोलावली. आबांनी सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर आमच्या घराने सोसायटीच्या कुठल्याच कार्यक्रमाला यायचं नाही. आई रडकुंडीला आली. "मागून टाका ओ. हितंच राहायचंय आपल्याला, पोरीचं लग्न व्हायचंय अजून." मी ताडकन म्हणाले, "माझ्या लग्नासाठी तर मुळीच मागू नका." आबा बूट पॉलिश करायला बसले.

मीटिंगमध्ये ते सावधान उभे राहिले, परेडला राहावं तसे. संतापाने माझे डोळे भरून आले.

"माफी मागतो," अध्यक्षांकडे सरळ बघत आबा म्हणाले. "चूक माझीच झाली. मी तुम्हाला साहेब समजलो."

"ठीक आहे, ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी समाधानाने मान डोलावली.